एकसष्ट शाळा, एक बटण

२ मे २५६७
आज सॉफ्टवेअर निवड समितीची बैठक. अध्यक्ष मी. उपसंचालक झाल्यापासूनचं पहिलंच अध्यक्षपद. तीन कंपन्या आल्या. पहिलीचा माणूस फार बोलला. दुसरीचा आम्हालाच प्रश्न विचारत बसला. तिसरीनं समितीसाठी जांभळे पोलो शर्ट आणले होते, माझ्या मापाचासुद्धा. मला माणसं ओळखता येतात. तिसरी ठरली. संकल्प: महिन्याभरात जिल्ह्यातल्या एकसष्ट शाळा कागदमुक्त. मॅन्युअलची रोज वीस पानं वाचणार.

९ मे, सकाळी ९.०९
मुहूर्तावर सर्व्हरचं उद्घाटन. भिक्खूंनी मंत्र म्हणून पाणी शिंपडलं. थोडं आत गेलं. जांभळ्या शर्टात ग्रुप फोटो तीनदा काढला, कारण संचालकांचे डोळे मिटत होते. आमच्या जुन्या कारकून लामदुआन मावशींनी विचारलं, हे चालवायचं कोणी. म्हटलं, आपोआप चालतं. मॅन्युअल: चार पानं, मुखपृष्ठ धरून.

१६ मे
डोंगरावरच्या हुआय हिन शाळेच्या बुआरियन बाई मोटारसायकलवरून आल्या. १० जूनच्या पटावर वीसपेक्षा कमी मुलं दिसली तर शाळा बंद, आणि मुलांनी अकरा किलोमीटर खाली चालत यायचं. त्यांच्याकडे बावीस आहेत. साहेब, सगळी मोजली जातील ना, असं तीनदा विचारलं. म्हटलं, बाई, आता मोजणारं यंत्र आहे, माणूस नाही. निर्धास्त जा. जाताना बांबूचे कोंब ठेवून गेल्या. सौ. खूश.

२० मे
किरकोळ अडचण. कंपनी परदेशी, तिला इसवी सनच कळतं. आम्ही लिहितो बुद्धाचं साल, ५४३ नं पुढचं. मुलाचं जन्मसाल २५५८ टाकलं की यंत्र म्हणतं, हे मूल अजून जन्मलंच नाही. न जन्मलेल्यांना ते मोजत नाही. जिल्ह्याचा पट: शून्य. मी दहा मिनिटांत तोड काढली. ग्रुपवर सगळ्या शाळांना हुकूम: प्रत्येक सालातून ५४३ वजा करा. कंपनीलाही तेच कळवलं. कोणी अंधारात राहायला नको.

२७ मे
कंपनीनंही ५४३ वजा केले. मी कळवलं होतं हे खरं, पण त्यांनी विचारायला नको? ज्या शाळांनी माझा हुकूम पाळला त्यांची मुलं आता १४७२ साली जन्मली आहेत. वय पाचशे बावन्न. यंत्रानं त्यांना माजी विद्यार्थी करून टाकलं. ज्या सात शाळांनी हुकूम वाचलासुद्धा नाही, त्यांचं सगळं बरोबर. शिस्तीला किंमत नाही ती अशी. बुआरियन बाईंनी बावीसच्या बावीस सालं त्याच दिवशी बदलली होती, रेंज येते त्या खडकावर उभं राहून.

४ जून
शाळांनी दुरुस्त्या केल्या. पण मंजुरीचं बटण फक्त माझ्याकडे. ते मीच हट्टानं मागून घेतलं होतं. चोपन्न शाळा, अक्षरक्रमानं घेणार. बाईंचा फोन: साहेब, आमचा ह अगदी शेवटी येतो, जरा आधी घेता आलं तर बघा. मी सांगितलं, वशिला चालणार नाही, यंत्रापुढे सगळे सारखे. मावशी पुटपुटल्या, डॉक्टरसुद्धा आधी मरायला टेकलेल्याला बघतो म्हणे. दुर्लक्ष केलं. आज झाल्या: दोन.

७ जून
दिवस गव्हर्नरसाहेबांच्या भेटीत गेला. शर्टाला इस्त्री, बॅनर, पुन्हा फोटो. बुआरियन बाई सकाळपासून बाहेरच्या बाकावर. पाच वाजता मी म्हटलं, सोमवारी नक्की. त्यांनी हात जोडले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. शनिवार-रविवार घरून काम करून सगळ्या संपवणार.

८ जून
लॉगिन फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चालतं. हेही मीच मागून घेतलं होतं. ऑफिसला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई गावी.

१० जून, दुपारी ४.४०
सकाळपासून बटण दाबतोय. जेवलो नाही. सव्वाचारला त्रेपन्न झाल्या. हुआय हिनचं पान उघडलं आणि चक्र फिरत राहिलं. साडेचारला पट गोठला. हुआय हिन: विद्यार्थी शून्य, माजी विद्यार्थी बावीस. तरी चोपन्नपैकी त्रेपन्न म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्के. कुठल्याही परीक्षेत हे विशेष प्रावीण्यच.

२१ जून
वरून प्रशस्तिपत्र आलं. मावशींनी ते वाचून परत दिलं. बाईंचा फोन नाही. मी स्वतःहून शाळेसाठी अपील लिहिलं. चांगलं दोन पानी झालं. ते सॉफ्टवेअरमधूनच पाठवायचं असतं. आधी शाळेचं नाव निवडा, अशी यादी येते. यादीत आता साठच शाळा आहेत.

२८ जून
शाळा बंद केल्याच्या कागदावर सही करायला वर गेलो. जांभळा शर्ट घालवेना. बाईंनी मुलांना ओळीत उभं केलं, मुलांनी हात जोडून नमस्कार केला. एक जण रडत होता. मी मुलं मोजली. चुकलो असेन म्हणून परत मोजली. बावीस. अर्धं मिनिट लागलं.