गोविंदरावांच्या पोटातली गाठ

कल्याण, पौष वद्य ३, शके १८०९

ती. दादास गोदाचे शि. सा. न. वि. वि.

इकडची प्रकृती फार खालावली. काल पुन्हा काळ्या रक्ताची उलटी झाली. वैद्यांनी पोटातल्या गाठीला कर्करोग म्हटल्यापासून इकडून ताट-तांब्या वेगळा करणे झाले. गंगू मांडीवर चढू लागली की तिला दूर सारणे होते. हा रोग लेकराला लागेल, हेच मनात. ती मला विचारते, बाबांना मी नकोशी झाले का.

उद्याच्या गाडीने भावोजी त्यांना तुझ्या इस्पितळात आणतील. वहिनीला लोणचे पाठवते आहे. वाटेत भावोजींच्या तावडीतून सुटले तर मिळेल.

तुझ्या मायेवरच आहे.
गोदा

ठाणे, माघ वद्य ९

चि. गोदास अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझ्या नावामागे ‘सौ.’ लिहायला गेलो आणि हात थांबला. तेराव्याला घरात माणसे होती, म्हणून तेव्हा सांगता आले नाही ते आता लिहितो.

गोविंदरावांनी मला बजावले होते, की मी गेल्यावर पोट उघडून बघा, माझ्या लेकीला या रोगाचे भय आहे का ते गोदेला कळू दे. तुझे दीर संतापले, पण मी शब्द पाळला. जठराच्या अस्तराखाली पेरूएवढी मऊ, पिवळी गाठ होती. तिचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सगळ्या पेशी एकसारख्या, गोल; स्पिरिटात चरबी विरघळल्याने आतून रिकाम्या दिसणाऱ्या. प्रत्येकीचे केंद्रक कडेला दाबून चपटे झालेले. कर्करोगाच्या पेशी वेड्यावाकड्या असतात, तशी एकही नव्हती. गोदे, ती चरबीची साधी गाठ होती. तिच्यावरच्या अस्तराला जखम झाली आणि वाहते रक्त आम्हाला थांबवता आले नाही.

गंगूला भय नाही. जेवत जा. तुम्हां दोघींना मी आहे.
दादा

कल्याण, फाल्गुन शुद्ध २

ती. दादास शि. सा. न.

भावोजींना तुझे पत्र वाचून दाखवले. ते उठून परसात गेले.

गंगूचे भय गेले, पण दादा, मग त्यांनी तिला रोज मांडीवर घेतले असते तरी चालले असते रे! हे त्यांना आता कोण सांगणार?

गंगूला मी सांगितले, की आपल्यामुळे तुला बाधा होईल असे बाबांना वाटत होते, म्हणून ते तुला घेत नव्हते. तिने विचारले, खरंच झाली असती का. मी नाही म्हटले. ते गेल्यापासून पोर रडली नव्हती, ती तेव्हा रडली. तिला कुशीत घेऊन बसले होते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

वहिनीला नमस्कार. आम्हांला अंतर देऊ नकोस.
गोदा