लिनआजींनी शिवलेला सम्राट

ग्लेन वेव्हर्ली,
१० ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
रुचाचा शि. सा. नमस्कार.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि मेसेज आवडत नाहीत, म्हणून ई-मेलने का होईना, हे पत्र.

वेदच्या शाळेचं नाटक गुरुवारी झालं. लिहिलं मीच. इंग्लंडच्या राजाने सव्वादोनशे वर्षांपूर्वी चीनच्या सम्राटाकडे वकील, म्हणजे आपला दूत, पाठवला. व्यापाराला बंदरं द्या, राजधानीत आमचा माणूस राहू द्या म्हणाला. सम्राटाने कळवलं, आमच्याकडे सगळं आहे, तुमच्या वस्तू नकोत. मी त्या सम्राटाचा विदूषक केला. वकिलाने भेट आणलेलं घड्याळ उलटं धरणारा, सिंहासनावरून घसरणारा. सम्राट झाला वेदच. हॉल नुसता हसत होता.

त्याचा पिवळा झगा शेजारच्या चिनी लिनआजींनी शिवला. डोळ्यांचा त्रास असूनही बाह्यांवर ढग भरले. त्यांना इंग्रजी येत नाही. नातीबरोबर पहिल्या रांगेत बसल्या होत्या. वेद घसरला आणि त्यांचा चेहरा पडला. तेव्हापासून कुंपणापाशी दिसल्या नाहीत. वेद म्हणतो, नो वरीज, मम. मी मात्र दिवसातून दहादा कुंपणाकडे डोकावते.

तुझी,
रुचा

पुणे,
१२ ऑगस्ट

चि. रुचास अनेक आशीर्वाद.

टाळ्या मिळवायची तुझी हौस जुनीच! पण आपल्या पेशव्याला कुणी असं घसरवलं असतं, तर तू शाळेला ई-मेल करकरून भंडावलं असतंस.

वर्गात इतिहास शिकवताना मीही त्या सम्राटाला घमेंडखोर म्हणून मोकळी व्हायचे. पण त्या वकिलाने एक बेटही मागितलं होतं, आणि सम्राटाने त्याच सुमारास किनाऱ्यावर सावध राहायचे हुकूम सोडले होते. माणूस वेडा नव्हता.

ते असो. आजींकडे जा. मिठाईचा डबा नेऊ नकोस, लाच वाटते. माझे गुडघे नेहमीसारखेच. वेदला पापा.

तुझ्यावर रागावूनही तुझीच,
चित्रलेखाआत्या

ग्लेन वेव्हर्ली,
१७ ऑगस्ट

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

रिकाम्या हाताने गेले. नात मेई दुभाषी झाली. आजींच्या मांडीवर मेईने शाळेतून परत आणलेला झगा होता, बाह्या उसवलेल्या. त्यांना वाटलं होतं, बाह्या लांब झाल्या, पोरगं त्यात अडकून पडलं, म्हणून लोक हसले. शनिवारच्या दुसऱ्या प्रयोगाआधी आखूड करून देते म्हणाल्या. उलट माझीच माफी मागितली गं.

गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण सांगितलं, की बाह्या बरोबर होत्या, ते पडणं मी लिहिलं होतं. मेईला ते सांगायला वेळ लागला. आजींनी एकच विचारलं, झगा शिवायला सांगितलास तेव्हा हे लिहून झालं होतं का? मी हो म्हटलं. त्यांनी मान खाली घातली आणि बाही पुन्हा शिवायला घेतली.

कालच्या प्रयोगासाठी मी सगळं बदललं. सम्राट उभा राहून शांतपणे नकार देतो, मग किनारा सांभाळायला सांगतो. लिनआजींसाठी खुर्ची धरली होती. त्या आल्या नाहीत. मेई एकटी आली, शेवटपर्यंत बसली. जाताना म्हणाली, लोक कुठे हसतात ते बघून ये, असं आजीने सांगितलंय.

आत्या, माया आटू देऊ नकोस.

तुझी,
रुचा