पाठीवरचा जोड

वसमत, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

मागच्या गल्लीतली कावेरी आज ब्लाउज शिवायला टाकून गेली. मोबाइलात एका नटीचा पाठमोरा फोटो. "मावशी, बराबर अस्साच पाहिजे." पाठीवर डाव्या बाजूला तिरका जोड, त्यावर लेस.

मला तो जोड बघताच शंका आली. वीस वर्षं कात्री चालवतेय, डिझाइन कोणतं आणि झाकपाक कोणती ते कळतं. नटीच्या शिंप्यालाही कापड कमी पडलं असणार. नाहीतर एकाच बाजूला जोड काहून? तिनं घालून मिरवलं की झाली फॅशन!

असाच जोड मी कावेरीच्या आईला, गंगाबाईला दिला होता. कापडच तोकडं होतं. वर लेसही लावली होती. तिनं चार बायांसमोर ब्लाउज माझ्या अंगावर फेकला. "शिवता येत न्हाई तर मशीन काहून घेतली?" त्यानंतर पाच वर्षं दुकानाची पायरी चढली नाही. मग आज पोरीला कशी पाठवली?

विचारलंच मी, "आईला फोटो दाखवलास का?"

"व्हय. तीच म्हणाली, असा जोड फक्त तुमालाच जमतो."

हा टोमणा, की माफी? एका नटीच्या पाठीआडून माफी?

आता चांगलं अखंड कापड मुद्दाम कापून जोड द्यायचा. आत्ताच मोजलं, या खेपेला गंगाबाईनं सव्वा मीटर धाडलंय. लागतं त्याहून जास्त.

म्हणजे त्या वेळी कापड कमी होतं, हे बाईला तेव्हाच ठाऊक होतं!