मुतुआची माणसं

२ मार्च, रविवार

मोटारींच्या रॅलीची तारीख लागली. महिन्याचा शेवटचा शनिवार. यंदा मुतुआ जिंकणार. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. फुलांच्या पॅकिंग शेडमध्ये मी सुपरवायझर आहे. गुलाबाचा दांडा हातात घेतला की किती लांब ते मोजपट्टीशिवाय सांगते. माणसांचंही तसंच.

नवे संकल्प: रोज ही वही लिहायची. चहात साखर बंद. आणि शेजारच्या खोलीतल्या बाईचं नाव या वहीत येऊ द्यायचं नाही.

संध्याकाळी. अकोथनं मासे तळले. वास मुद्दाम आमच्या खिडकीकडे सोडते. न्देग्वा म्हणतो, वारा तळ्याकडून येतो, त्याला ती काय करणार. नवऱ्याला वाऱ्यातलं काय कळतं?

५ मार्च, बुधवार

एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा लिहायला नको.

मुतुआ आणि विरदी एकाच गॅरेजात वाढले. नाकुरूला विरदीच्या वडिलांचं गॅरेज. मुतुआ तिथे चाकं खोलायचा. दोघं एकाच खटाऱ्यावर गाडी शिकले, मग मोठे ड्रायव्हर झाले आणि वैरी झाले. निम्मा देश याचा, निम्मा त्याचा. अकोथ पहिल्यापासून विरदीची, मी मुतुआची. पण जायचो बरोबर. एक चटई, एक छत्री, एक फ्लास्क. तिचा पुढे गेला की ती मला कोपरानं ढोसायची, माझा पुढे गेला की मी तिला. घरी येईपर्यंत दोघींच्या बरगड्या दुखायच्या.

तीन वर्षांपूर्वी नदीच्या उतारावर मुतुआची गाडी चिखलात रुतली. मागून विरदी आला. मुतुआनं खिडकीतून हात वर केला. मदत मागत होता बिचारा. विरदी थांबला नाही. चिखल उडवत निघून गेला आणि जिंकला.

मी म्हटलं, ज्याच्याबरोबर एका ताटात जेवला त्याला असं टाकून जातात? अकोथ चहा पीत होती. म्हणाली, "अगं, तो थांब म्हणत नव्हता. जा म्हणत होता." एवढ्यावर गप्प बसायचं की नाही? वर म्हणते, "आणि हात केला की थांबायला ती काय प्रवाशांची मटाटू आहे?"

आजूबाजूचे लोक हसले. मी फ्लास्क उचलला आणि निघाले. झाकणात तिचा चहा होता, म्हणून झाकण तिच्याकडे राहिलं.

तेव्हापासून माझा चहा शेडवर पोचेपर्यंत गार होतो. फ्लास्कच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावते. झाकण तिनं आणून द्यायला हवं. मी मागायला जाणार नाही. प्रश्न झाकणाचा नाही, तत्त्वाचा आहे.

९ मार्च, रविवार

"मुतुआची माणसं" या आमच्या ग्रुपची मी अॅडमिन आहे. आज सर्वांना मेसेज टाकला: लाल शर्ट घालून यायचं, विरदीचं नाव तोंडातून काढायचं नाही. एकानं विचारलं, गाडी लांबून ओळखायची कशी? मी लिहिलं, माझ्याकडे बघा. मुतुआचं इंजिन मी डोळे मिटून ओळखते.

हे न्देग्वानं वाचलं. हायवेवर नेलं, डोळे मिटायला लावले. मी म्हटलं, बस आली. निघाला दुधाचा टँकर. तो वाटेत उगाचच हसत होता. मी रॅलीच्या गाड्यांबद्दल बोलले होते, टँकरबद्दल नाही.

साखर: अर्धा चमचा. पूर्ण बंद करणं प्रकृतीला चांगलं नसतं.

१४ मार्च, शुक्रवार

अकोथ चालली.

न्देग्वाला नळावर कळलं. तिच्या ओमोन्डीनं होमा बेला घर बांधलंय, आईला कायमची नेतोय. महिनाअखेरीस खोली सोडणार.

मला काही फरक पडत नाही. बरंच आहे, नळावर एक बादली कमी. तळणाचा वास नाही. भिंतीपलीकडून पहाटेची प्रार्थना नाही. ती फार बेसूर म्हणते.

आज शेडमध्ये लांब दांड्यांच्या जुड्यांत आखूड दांडे गेले. माझ्या हातून असं कधी होत नाही. कात्री बोथट होती.

१५ मार्च, शनिवार

सगळं नीट जुळतंय. मुतुआ जिंकणार. जिंकला की माइकवर बोलणार. निवेदक नदीची गोष्ट काढणार, काढतोच दर वर्षी. मुतुआ खरं काय ते सांगणार: मी हात वर करून मदत मागितली आणि माझा मित्र थांबला नाही. अकोथ ऐकणार. मग झाकण घेऊन माझ्या दारात येणार. मी लगेच आत घेणार नाही, थोडा वेळ उभी ठेवीन. मग म्हणेन, ये आत.

मग होमा बेचं काय ते बघू. ओमोन्डी आईला सुट्टीत भेटू शकतोच की.

१८ मार्च, मंगळवार

मुतुआनं सही केलेली टोपी धुऊन वाळत घातली. सही जवळजवळ गेली, पण कुठे होती ते मला माहीत आहे. तेव्हा मला म्हणाला होता, "थँक यू, आई." गर्दीत इतर बायकांनाही म्हणाला. पण माझ्याकडे बघून.

संध्याकाळी मक्याच्या पिठाची उगाली आणि पालेभाजी. न्देग्वा म्हणाला, पूर्वी मंगळवारी मासा असायचा. मी म्हटलं, आम्हा किकुयूंत कोण खातं मासा? माझ्या आईच्या घरात कधी शिरला नाही. तो म्हणाला, तू डोक्यासकट खायचीस.

खायचे. काटा जिभेनं कसा बाजूला करायचा, हे अकोथनं शिकवलं. पहिला काटा घशात अडकला तेव्हा तिनं माझ्या तोंडात उगालीचा गोळा कोंबला होता आणि मी जगतेय की मरतेय ते न बघता हसत बसली होती.

हे इथे लिहायचं कारण नव्हतं.

२३ मार्च, रविवार

नळावर ती आणि मी, दोघीच. तीन वर्षांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "वांजिरूची आई, तुझी बादली भरून वाहतेय."

मी उत्तर दिलं नाही. विचार करून दिलं नाही. आधी मुतुआ जिंकू दे.

तिच्या दाराशी दोन गोण्या बांधून ठेवलेल्या दिसल्या. सहज दिसल्या.

२८ मार्च, शुक्रवार

दिवसभर पाऊस. नदीच्या उतारावर गुडघाभर चिखल असणार. ग्रुपवर सूचना दिली: मुतुआ रुतला तर आपण ढकलायचं. कुणी थांबेल याची वाट बघायची नाही. बासष्ट जणांनी होकाराचा अंगठा टाकला.

टोपी, शर्ट, छत्री, फ्लास्क, पिशवी, रबर. सगळं तयार. चहात साखर घातली, उद्या ताकद लागेल.

२९ मार्च, शनिवार. सकाळी

निघते. चटई एकटीला जड होते. न्देग्वा येत नाही, गुडघा दुखतो म्हणाला. अकोथच्या दाराला कुलूप. म्हणजे ती पुढे गेली.

२९ मार्च, संध्याकाळी

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिते.

उतारावर तोबा गर्दी. काळी माती नुसती खीर झालेली. पहिल्या चार-पाच गाड्या कशाबशा गेल्या. मग ते इंजिन ऐकू आलं. मी डोळे मिटले. शंकाच नव्हती. ओरडले, मुतुआ आला. गाडी वळणावरून घसरत आली आणि नदीच्या अलीकडे बसली ती बसलीच. काचेपासून चाकापर्यंत चिखल. रंग नाही, नंबर नाही. ड्रायव्हर हेल्मेटमध्ये.

मी छत्री फेकली. माझ्यामागे सगळे लाल शर्ट. असे भिडलो, जणू रॅली आमचीच होती. खांदा लावला आणि बघते तर शेजारी अकोथ. गुडघ्यापर्यंत स्कर्ट खोचलेला, दात-ओठ खात ढकलतेय. मुतुआच्या गाडीला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते चिखलात कुणाला दिसलं नाही. मला वाटलं, बाई, सगळं फिटलं. तिचं कोपर माझ्या बरगडीत लागलं, त्याच जुन्या जागी.

गाडी सुटली. पाण्यात शिरली, पलीकडे निघाली तेव्हा धुऊन निघाली होती. पांढरी.

मुतुआची निळी आहे.

सकाळी त्याचं चाक फुटलं आणि गाड्यांचा क्रम बदलला, हे रेडिओवर सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा घोषणा देत होते.

मी अकोथकडे बघितलं. ती स्कर्ट पिळत होती. मी म्हटलं, तुला माहीत होतं? म्हणाली, "मागच्या बंपरला त्याच्या बापाच्या गॅरेजचा स्टिकर आहे. लहान पोरीसारखी खुशीत ढकलत होतीस. कशाला मोडता घालू?"

तीन वर्षांनी माझ्याशी धड बोलली ती हे.

थोड्या वेळानं मुतुआ आला. निळा, सरळ, न रुतता गेला. विरदीकडून सात सेकंदांनी हरला.

पुढचं लिहिण्यासारखं नाही. शेवटच्या टप्प्यावर निवेदकानं नदीची गोष्ट काढलीच. मुतुआ विरदीच्या गळ्यात हात टाकून उभा होता. म्हणाला, "तेव्हा मीच हात वर करून सांगितलं, जा. दोघं अडकून काय उपयोग? तो जिंकला आणि त्याच्या घरी आम्ही बकरं भाजलं. माझ्या मुलीचं नाव त्याच्या आईनंच ठेवलंय." लोक हसले, टाळ्या वाजवल्या. लाल शर्टवाल्यांनीसुद्धा.

मी गर्दीतून पुढे गेले. मला त्याला एकच विचारायचं होतं. तेवढ्यात कुणीतरी त्याला सांगितलं, की हीच ती, हिनंच सगळ्यांना ढकलायला लावलं. वाटलं, आता चिडेल. चिडला असता तर मी त्याला माफ केलं असतं. तो पोट धरून हसला. विरदीला हाक मारली, "हरजस, इकडे ये. ही बघ तुझी आई." विरदीनं माझे चिखलाचे हात दोन्ही हातांत घेतले. हात मऊ होते. दोघांच्या मध्ये उभं करून फोटो काढला.

तीन वर्षं मी मासा खाल्ला नाही. आणि ते दोघं बकरं खात होते.

३० मार्च, रविवार

पेपरात फोटो आला. खाली लिहिलंय: विरदीची कट्टर चाहती. माझा लाल शर्ट चिखलात दिसत नाही.

"मुतुआची माणसं"नं मला ग्रुपमधून काढलं. अॅडमिन मी होते. मला काढण्यासाठी आधी दुसऱ्या कुणाला तरी अॅडमिन करावं लागतं, ते मीच मागच्या महिन्यात केलं होतं. माणूस भरवशाचा वाटला होता.

टोपी चुलीत टाकणार होते. न्देग्वा म्हणाला, धूर होईल. ठेवून दिली.

या दोघांना हक्कच काय? वैर करायचं तर वैर करा. मैत्री करायची तर आधी सांगा, बाहेर लोक तुमच्यावरून घरं तोडून बसलेत.

चर्चला जाताना अकोथ समोरून आली. तोंडात खूप शब्द होते. तू म्हणत होतीस ते खरं होतं, हे त्यातल्या त्यात लहान वाक्य. ते उद्या म्हणेन. ती उद्या दुपारी निघणार आहे, म्हणजे सकाळ आहेच. ती आधी एक शब्द बोलली तर सोपं जाईल.

३१ मार्च, सोमवार

सकाळी शेडवर जावंच लागलं. लग्नांची मोठी ऑर्डर होती. तशी रजा मिळाली असती.

दुपारी धावत आले तर आवाराच्या फाटकात पिकअप उभा. गोण्या, पलंग, कढई, सगळं चढवलेलं, आणि मागची चाकं चिखलात निम्मी गेलेली. ओमोन्डी गाडी रेस करतोय, चाक जागेवर फिरतंय. मला वाटलं, बरं झालं. असंच राहू दे. रात्र होईल, मग म्हणतील उद्या. उद्या पुन्हा पाऊस आहे.

मी बाजूला उभी राहिले. सगळं आवार ढकलत होतं, न्देग्वासुद्धा, तो गुडघा घेऊन. अकोथ पुढे बसली होती. तिनं खिडकीतून हात वर केला.

मी बघत राहिले. यावेळी मला कळेना, थांब म्हणतेय की जा.

मग तिनं डोकं बाहेर काढलं. म्हणाली, "वांजिरूची आई, ये ना. गाडी कुणाची ते न बघता ढकलतेस, ही तर ओळखीची आहे."

सगळे हसले. मीही हसले असेन. पिशवी ठेवली, खांदा लावला आणि ढकललं. मनापासून ढकललं, तेवढंच मला नीट येतं. पिकअप एका झटक्यात सुटला. मी तोंडावर पडले.

उठून धावत खिडकीपाशी गेले. ते लहान वाक्य तोंडात होतं. बाहेर आलं ते हे: माझ्या फ्लास्कचं झाकण?

अकोथनं माझ्याकडे बघितलं. रुमाल नाही, फडकं नाही, सरळ तळहातानं माझ्या गालावरचा चिखल पुसला. म्हणाली, कुठल्यातरी गोणीत बांधलं गेलंय. येऊन घेऊन जा.

पिकअप हायवेला लागला.

होमा बे म्हणजे दिवसभराचा प्रवास. झाकणासाठी कुणी एवढं जात नाही. पण आपली वस्तू दुसऱ्याकडे किती दिवस ठेवायची? ईस्टरला शेड बंद असते. तेव्हा जाईन. झाकणासाठीच.

संध्याकाळी. खिडकी उघडी ठेवून बसले. वारा खरंच तळ्याकडून येतो. नुसता वारा.