पंप नव्हता

१२ जुलै, शनिवार

डोकं फिरलंय! सकाळी पार्कात शेजारच्या श्रीवास्तवजींनी हिंदी पेपर पुढ्यात धरला. "भाईसाहब, बिटिया ने तो कमाल कर दिया!" मृणालचा लेख. फोटोसकट. मथळा — 'इतने महँगे लड़ाकू विमान, किस काम के?'

माझी मुलगी! कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवते म्हणून काहीही लिहायचं? तिच्या बापाने चोवीस वर्षं एअर फोर्समध्ये फायटर विमानांच्या पोटाखाली पाठीवर झोपून काढली. त्याच पगारावर शिकली ना ही?

तिची आई, विजया, म्हणाली, "आधी वाचा तरी." नाही वाचणार. मथळा पुरेसा आहे.

१३ जुलै

मीच फोन केला. राहवेना.

"पापा, आपने पढ़ा?"

"नाही."

"तो फिर नाराज़ किस बात पर हैं?"

मी मराठीत बोलतो, ही हिंदीत उत्तर देते. हिंदी मुलखात वाढली, लहानपणापासून हेच. भांडतानासुद्धा!

म्हटलं, सत्यजित साहेब आठवतात? फ्लाइट लेफ्टनंट. तुला स्कूटरवर पुढे उभं करून फिरवायचे. तू आठ वर्षांची होतीस. सत्तावीस वर्षांचा माणूस खटारा विमान घेऊन वर गेला आणि परत आला नाही. तेव्हा नवीन विमानं असती तर आज जिवंत असता! म्हणून घ्यायची विमानं. मागतील त्या किमतीला घ्यायची. माणसाची किंमत तुझ्या पुस्तकात कुठल्या रकान्यात मांडतात?

म्हणाली, "मैंने भी तो यही पूछा है, पापा."

फोन आपटला. हल्लीचे फोन धड आपटताही येत नाहीत.

१४ जुलै

तिचे तीन मिस्ड कॉल. मुद्दाम उचलले नाहीत.

१८ जुलै

टीव्हीवर चार दिवस नव्या विमानांची खरेदी, दुसरं काही नाही. विमानं आकाशात गिरक्या घेतायत, खाली निवेदक ओरडतोय. आमच्या संपूर्ण वृंदावन योजना कॉलनीत जणू सगळेच पायलट!

सब्जीच्या ठेल्यापाशी पलीकडच्या सेक्टरमधले एक साहेब भेटले. बँकेतून रिटायर झालेले. परवल निवडता निवडता म्हणाले, "वो लेख देखा? ऐसे लोगों को देश से मतलब ही नहीं है."

ऐसे लोग! माझी मृणाल?

"आपने कभी हवाई जहाज़ को हाथ लगाया है?" एवढ्या जोरात ओरडलो की ठेलेवाल्याचा तराजू हातातच थांबला. "सात बार पोस्टिंग देखी है उस लड़की ने. स्कूल छह बदले. आप क्या बताएँगे उसे देश?"

तसाच घरी आलो. परवल तिथेच राहिले. विजयाने विचारलं, "तुम्ही नक्की कुणावर चिडलायत? तिच्यावर की त्यांच्यावर?"

जो समोर येईल त्याच्यावर!

२१ जुलै

वाचला. दोनदा वाचला.

विमानं घेऊ नका असं कुठेही लिहिलेलं नाही. मथळा तिचा नव्हेच, पेपरवाल्यांचा. तिचं म्हणणं — विमानाची किंमत म्हणजे विकत घेतानाचा आकडा नव्हे. पुढची तीस-चाळीस वर्षं त्याला सुटे भाग, तेल, हँगर, शिकलेले हात लागतात. सगळा पैसा थोड्याशा चकचकीत विमानांत घातला, तर बाकीची जुनी उडतच राहणार, आणि त्यांच्यासाठी साधा भाग मागवला तर तो महिनोन् महिने येणार नाही. मग एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा. मेकॅनिक त्याला 'रॉबरी' म्हणतात, असंही लिहिलंय.

हे तिला कुणी सांगितलं? मीच! जेवताना. ती भाताचे डोंगर करत बसायची तेव्हा.

राग दुप्पट झाला. माझंच ऐकून माझ्याच तोंडावर मारलं. आणि त्यात खोटं काही सापडत नाही — त्याचा तिप्पट.

२६ जुलै, शनिवार

तिच्या कॉलेजात परिसंवाद होता. तिने बोलावलं नव्हतं. ब्लेझर घालून गेलो. विजया म्हणाली, "जुलैत ब्लेझर?" घातला.

उठून विरोध करायचाच असं ठरवून गेलो होतो. पण मृणालच्या आधी एक टाय लावलेले विद्वान बोलले. म्हणे जुन्या विमानांचा उगाच बाऊ होतो, बहुतेक अपघात पायलटच्या चुकीने होतात.

पायलटच्या चुकीने!

उभा राहिलो. माइकबिक कुणी दिला नाही, लागलाही नाही. "मरा हुआ आदमी जवाब नहीं दे सकता, इसलिए गलती उसकी?" सगळं सभागृह वळून बघत होतं. आणखी काय बोललो आठवत नाही. टाळ्या पडल्या, त्याचाही संताप आला.

बाहेर चहाच्या टपरीवर मृणाल मागून आली. पाण्याची बाटली दिली. आणि अगदी हळू विचारलं, "पापा, एक बात बताइए. सत्यजित अंकल का जहाज़ पुराना था, इसलिए गिरा? या उसमें कुछ खराब था जो ठीक नहीं हुआ?"

"मला अर्थशास्त्र शिकवू नकोस!" म्हणालो आणि ऑटोत बसलो. ती चहाचे दोन ग्लास धरून उभी राहिली.

२७ जुलै

जेवलो नाही.

२८ जुलै

एकतीस वर्षांत कुठे लिहिलं नाही. आज लिहितो.

त्या विमानाचा हायड्रॉलिक पंप, तेलाच्या दाबाने सुकाणू हलवणारा, गळत होता. दोन दिवस. तसं प्रत्येक जुनं विमान थोडं गळतंच. मिनिटाला किती थेंब चालतात त्याचा नियम आहे. मी खाली घड्याळ घेऊन बसलो, थेंब मोजले. नियमात होते. काठावर, पण नियमात. नवीन पंप मागवून नऊ आठवडे झालेले. शेजारच्या बंद विमानाचा पंप आधीच तिसऱ्याला लावलेला.

सकाळी चार विमानं तयार हवी होती. माझी तीन झाली होती. कुणी जबरदस्ती केली नाही, धमकावलं नाही. मलाच चार करायची होती. माझ्या हाताखाली विमान उभं राहत नाही असं कुणी म्हणू नये म्हणून!

सत्यजित साहेब शिडीपाशी आले. आम्ही दोघंच मराठी त्या तळावर. "गोपीनाथराव, उडेल ना?"

"लिमिटमध्ये आहे, सर."

त्यांनी विमानाच्या वहीत 'उडायला ठीक'खाली माझी सही बघितली, तिच्याखाली आपली केली आणि चढले.

चौकशीत कारण निश्चित झालं नाही. अवशेषच एवढे थोडे मिळाले. पंप असेल, नसेलही. मला कुणी दोष दिला नाही. तेव्हापासून मी 'जुनी विमानं, जुनी विमानं' म्हणून ओरडतोय. विमान गुन्हेगार ठरलं की मी सुटलो! पण नवं विमानही एक दिवस जुनं होतंच. पंप त्यालाही लागतो. आणि खाली कुणीतरी घड्याळ घेऊन बसलेलाच असतो.

३० जुलै

मृणालच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात, उभ्यानेच. वाटलं होतं रडेल किंवा समजूत घालेल. दोन्ही नाही. गॅस बंद केला आणि चक्क मराठीत विचारलं, "देवयानी आंटींना माहीत आहे?"

देवयानी मॅडम म्हणजे सत्यजित साहेबांची बायको. याच शहरात, इंदिरा नगरला. शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. इथे राहायला आल्यापासून एकोणीस वर्षं मी त्या बाजूला जायचं टाळतोय. एकदा बाजारात समोरून आल्या तर मी चपलांच्या दुकानात शिरलो होतो. नको असलेल्या चपला घेऊन आलो!

"नाही," म्हणालो.

"मग मला काय सांगताय, पापा?"

चीड आली. बरोबर बोलली म्हणून.

३ ऑगस्ट, रविवार

इंदिरा नगरला गेलो. मृणाल दारापर्यंत आली, आत आली नाही. देवयानी मॅडमना सगळं सांगितलं — थेंब, घड्याळ, चौथं विमान, सही.

त्या म्हणाल्या, "पंपाचं मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं. उद्या हे विमान नको म्हणतो, असं म्हणाले. मी म्हटलं, महिन्यात दुसऱ्यांदा नाही म्हणालास तर बढतीच्या कोर्सला तुझं नाव जाणार नाही. जा."

मी म्हणालो, नाही मॅडम, सही माझी होती. त्या म्हणाल्या, शब्द माझा होता. मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. दुपार टळून गेली तरी आम्ही दोघं तेच भांडत होतो.