ठेंगूचा कळप

कल्याण, आश्विन वद्य चतुर्थी, १९४९

प्रिय मधु,

अनेक आशीर्वाद. ठाणं काही विलायत नव्हे, पण तुझी मंदाकिनी परजातीची म्हणून तुझ्या वडिलांनी, आपल्या भाऊंनी, "ती माझ्या पंगतीला बसणार नाही" म्हटलं आणि तू तिचा हात धरून गेलास, तेव्हापासून इथली बातमी तुझ्यापर्यंत पोचत नाही. तर ऐक. आपल्याकडे कुत्रा आला आहे. हसू नकोस, भाऊंनीच आणला आहे. सोवळ्यात असताना मांजर आडवं गेलं तरी पुन्हा अंघोळ करणाऱ्या तुझ्या भाऊंनी.

त्यांचे रेल्वेतले साहेब मायदेशी परत निघाले. त्यांना कुत्रा बोटीवर नेता येईना आणि भाऊंना साहेबाला नाही म्हणता येईना. जात कॉर्गी, तिकडे गुरं हाकायला पाळतात, असं साहेबानं सांगितलं म्हणे. आम्ही पाहिलं तर तोंड कोल्ह्याचं, अंग भरलेलं आणि पाय जेमतेम वीतभर. तुझ्या आईनं तिथल्या तिथे नाव ठेवलं, ठेंगू. हा गुरं कसली हाकतो, असं मीही म्हटलं. मग एका सकाळी गोविंदा गवळ्याच्या म्हशी तळ्याच्या वाटेवर पांगल्या. ठेंगू फाटकाखालून निसटला, एकेकीच्या खुराला दात लावत आणि लाथ आली की जमिनीला चिकटत त्यानं सगळ्या गोठ्यात नेऊन घातल्या. गोविंदा धापा टाकत ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "यो कुत्रा नाय आत्याबाई, यो तं गवली हाय."

म्हशी रोज कुठून मिळणार? म्हणून त्यानं आम्हाला हाकायला घेतलं. तू गेल्यापासून भाऊ ओसरीवर, तुझी आई चुलीशी आणि मी माजघरात, असे आम्ही तिघे तीन तोंडांना बसायचो. ते त्याला मुळीच खपत नाही. हळूच टाचेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि आम्ही एका ठिकाणी आलो की सुस्कारा सोडून आडवा होतो. बायकांनी मागून जेवायची आपल्या घरची रीतसुद्धा त्यानं मोडली. भाऊ पाटावर बसले की हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा राहून आमच्याकडे बघत कुंई कुंई लावायचा. शेवटी भाऊच वैतागले, "बसा गं दोघी, मला घास गिळू द्या." इतकी वर्षं या घरात राहिले, पण भावाच्या पंगतीला पहिल्यांदा बसले मधु, तेही कुत्र्याच्या कृपेनं. त्या दिवशी साधं वरण मला किती गोड लागलं, काय सांगू.

आता परवाचं सांगते. जन्मात कधी पाट न उचललेल्या भाऊंनी भिंतीला टेकलेले पाट काढले. आमचे तीन मांडले. मग पितळी फुलांचा तुझा पाट घेतला, पंच्यानं पुसून मांडला, आणि त्याच्या शेजारी आणखी एक. तुझ्या आईचा पळीचा हात तसाच राहिला. त्या पाटांवरची माणसं ठाण्याला, हे आम्हाला ठाऊक. पण ठेंगूला कुठे कळतं? रिकामे पाट दिसताच तो दाराशी धावला, रस्ता पाहून आला, पुन्हा गेला. शेवटी सोवळ्यातल्या भाऊंच्या टाचेला त्यानं दात लावले. भाऊ पुन्हा अंघोळीला गेले नाहीत. पाटावर बसून भातात वरण कालवत राहिले, घास काही घेईनात.

ठेंगूनंही त्या दिवशी भाकरीला तोंड लावलं नाही, आणि कालही नाही. आज सकाळी भाऊ मला म्हणाले, "शकू, ते कुत्रं उपाशी मरेल. काहीतरी कर." तुझे वडील याहून जास्त बोलतील अशी आशा ठेवू नकोस, जन्मभर ते एवढंच बोलत आलेत. म्हणून हे पत्र. दिवाळीच्या पाडव्याला दोघं या. पाट अजून उचललेले नाहीत, मी त्यांच्याभोवतीनं केर काढते. मंदाकिनीला मात्र आधी सांगून ठेव, दारात चपला काढल्या की तो टाचेला धरेल. घाबरू नकोस म्हणावं, घरच्या माणसांनाच धरतो.

तुझी वाट पाहणारी, तुझीच
शकूआत्या