डोंगरावरचं नाव

चैत्र १९
पोचलो एकदाचा! रोलवालिंगहून आठ दिवसांची पायपीट, आणि आज पायथ्याच्या तळावर स्वयंपाकी काल्देनच्या तंबूत बसून बटाट्याची पाच जाड धिरडी हाणली, वर याकचं लोणी. तुम्हा रोलवालिंगवाल्यांचे पाय डोंगरासाठी आणि पोटं आमच्या मुळावर, असं म्हणत त्यानेच सहावं वाढलं.

ही वही यांजीने दिली. श्रावणात बाळ येईल, त्याला बापाच्या पहिल्या चढाईची हकिकत वाचून दाखवायची म्हणे. नाव लामा ठेवतील, पण मी कधीच ठरवून टाकलंय. मुलगा असो की मुलगी, छिमी. यांजीलाही सांगितलेलं नाही.

एक गंमत झाली. आमचे सरदार उर्केनदाजू, सगळ्यांचे थोरले भाऊ म्हणून दाजू, तीस वर्षं या डोंगरावर शेर्पांची टोळी नेतायत. मी नुरू, असं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. म्हणाले, आजपासून तू छेतेन. परत तळावरून खाली जाईपर्यंत. आमच्यात सारख्या आजारी पडणाऱ्या पोराचं नाव बदलतात, म्हणजे पाठीला लागलेल्याला ते सापडत नाही. पण मी तर ठणठणीत आहे.

चैत्र २२
दिवसभर शिड्या जोडल्या, दोरांची वेटोळी तपासली. पाहुणे गिर्यारोहक येण्याआधी पहिल्या छावणीपर्यंतची वाट तयार हवी. मला जाकीट मिळालं. जुनं, पण उबदार. कॉलरच्या आत शाईने नाव लिहिलंय, छेतेन. माझ्या चहाच्या मगावरही तेच.

हा छेतेन कोण, म्हणून काल्देनला विचारलं. इथे कामाला होता, म्हणाला, आणि विचारलं नसतानाही माझ्या वाडग्यात आणखी दोन पळ्या शाक्पाचं दाट सूप ओतलं. एवढा बडबड्या माणूस, पण लगेच पाठ फिरवून भांडी घासायला बसला. मला हे आवडलेलं नाही.

चैत्र २५
याक घेऊन आलेल्या म्हाताऱ्याकडून कळलं. छेतेन गेल्या साली बर्फाच्या भेगेत गेला. सापडला नाही. त्याच्या दोराचं दुसरं टोक उर्केनदाजूंच्या कमरेला होतं.

म्हणजे डोंगराला त्यांच्याकडून एक माणूस हवाय, आणि हे मला छेतेन म्हणून पुढे करणार? जाकीट त्याचं, मग त्याचा, दोरावरची जागाही त्याचीच. मी बळीचा बकरा. रागाने जेवण गेलं नाही.

चैत्र २८
पूजा झाली. धुपीचा धूर, सगळ्यांच्या गालांना सातूचं पीठ. लामांनी नावं वाचली. छेतेनचं वाचलं. माझं नाही.

दाजूंना सरळ विचारलं, माझ्यासाठी प्रार्थना का नाही? ते फक्त एवढंच म्हणाले, "खाली गेल्यावर सगळं सांगतो. इथे तुझं नाव तोंडातून काढू नकोस, लेकरा." लेकरा म्हणे! गोड बोलणाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

वैशाख १
पहिली छावणी. भर दुपारी धुकं. भेगेच्या कडेला कुणीतरी हाक दिली — कोण आहे?
आमच्याशिवाय वर कुणीही नाही.
मी काही बोलायच्या आत दाजूंनी माझा दंड धरला आणि ओरडले, हा छेतेन आहे!
आवाज थांबला. दाजूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. माझ्या देखत मला देऊन टाकलं त्यांनी.

वैशाख ३
दाजू सामान आणायला खाली गेलेत. मी एकटा. दुपार, धुकं. पुन्हा तोच प्रश्न, तंबूच्या अगदी जवळून.
पुरे झालं. मी ओरडून सांगितलं, मी छेतेन नाही! मी रोलवालिंगचा नुरू, यांजीचा नवरा, होणाऱ्या बाळाचा बाप!
शांत झालंय. छाती हलकी झाली. उद्या खाली उतरणार आणि घरी जाणार.

तासाभराने —
वॉकीटॉकीवर काल्देन. मी काय केलं ते सांगितलं, तर तो रडायलाच लागला. म्हणाला, एकदा नेलेलं नाव ते पुन्हा नेत नाही, मूर्खा. म्हणून आम्ही सगळे मेलेल्यांची नावं लावतो. मी काल्देन नाही. दाजूही उर्केन नाहीत. द्यायला मेलेल्याचं एकही नाव उरलं नव्हतं म्हणून छेतेनला त्याच्याच नावाने वर नेलं, ते दाजूंना अजून खातंय. तुझ्यासाठी ते नाव त्यांनी वर्षभर जपलं.
दाजू वर यायला निघालेत. ते छेतेन म्हणूनच हाक मारतील. दुसऱ्या कशाला ओ देऊ नकोस —

खालून दाजू ओरडतायत. छेतेन, छेतेन. लांब आहेत अजून.

दाराशी कुणीतरी नुरू म्हणतंय. यांजीच्या आवाजात. अहो नुरू, बाळाचं नाव काय ठरवलंत?

नाही सांगणार. मेलो तरी —

तंबूची चेन उघडतेय. हात आत आलाय, माझ्याकडे नाही, वहीकडे —
पहिलं पान. पहिल्या पानावर बाळाचं नाव लिहि —
फाड